सबवूफर घ्या, खालच्या मजल्याला ऐकवा

घरात दोन बरे स्पीकर आहेत, गाणं स्वच्छ ऐकू येतं आणि शेजाऱ्यांशी बोलणं चालू आहे? म्हणजे तुमची सिस्टीम अजून अपुरी आहे. सबवूफर घ्या, म्हणजे फक्त बेस, खालचे खर्जातले सूर, वाजवणारा वेगळा स्पीकर. ज्या नाशिकच्या ढोलावर अख्ख्या महाराष्ट्राच्या मिरवणुका नाचतात, तिथे दिवाणखान्यातला बेस जिन्यातही ऐकू जाऊ नये?

डबा घरी आला की सरळ कोपऱ्यात ढकला, चपलांच्या रॅकमागे. दोन भिंती आणि फरशी मिळून तिथे बेस फुकटात फुगवतात. काही चिकित्सक सांगतील की आधी सबवूफर सोफ्यावर ठेवा, गाणं लावा आणि स्वतः भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे बेस नेटका वाटेल तिथे तो ठेवा. उपाय खरा आहे, हे मान्य. पण नेमक्या त्याच वेळी सासूबाई दारात उभ्या राहिल्या तर काय सांगणार?

आता बटणं. क्रॉसओव्हर, म्हणजे कुठल्या सुराखालचं सबवूफरने वाजवायचं ती सीमा, साधारण ८० हर्ट्झला ठेवतात, कारण त्याखालचा आवाज कुठून येतोय हे कानाला फारसं उमगत नाही. तुम्ही तो शेवटपर्यंत फिरवा. मग गायक समोर आणि त्याचा खर्ज चपलांमागे, असा दुहेरी लाभ होतो. फेजच्या बटणाला, म्हणजे सबवूफरची लाट स्पीकरच्या लाटेशी जुळवणाऱ्या बटणाला, हात लावू नका. ते उलटं राहिलं तर स्पीकर आणि सबवूफर एकमेकांचा बेस खाऊन टाकतात. तेवढ्यासाठी कोण वाकणार? आवाज वाढवा.

हॉल १४ फुटांचा असेल तर अभिनंदन. एवढ्या लांबीत ४० हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून घुमतो. भिंतीपाशी दणका, मधोमध जवळपास शांतता. सोफा अर्थातच मधोमध ठेवा. तुम्हाला बेस कमी वाटेल, तुम्ही आणखी वाढवाल, आणि शोकेसमधल्या काचेच्या बशा तुमच्या वतीने दाद देतील. (जुन्या भावगीतांच्या रेकॉर्डिंगमध्ये इतकं खालचं मुळात फारसं काही नसतं. पण मशीन घेतलंय ना!)

गंगापूर रोडवरच्या फ्लॅटचा स्लॅब असो की सिडकोतल्या रो-हाऊसची सामाईक भिंत, खालचे सूर तिला जुमानत नाहीत. पडदे लावून घ्या. उपयोग शून्य, पण प्रयत्न केल्याचं समाधान मिळतं. रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबलची आहे. खालचे काका मीटर घेऊन आले तरी घाबरू नका. ही मर्यादा ज्या 'ए' मापाने मोजतात, ते खालचे सूर फार हलके धरतं. काकांचा पलंग थरथरेल आणि आकडा मात्र सोज्वळ दिसेल. त्यांना चहा विचारा.

पुढेमागे घरच्यांनीच विकायला लावला, तर जाहिरातीत बिनदिक्कत 'फारसा न वापरलेला' लिहा. फेजच्या बटणापुरतं तरी ते खरंच असेल.