‘मॉक इंटरव्ह्यू १३ मिनिटांत गुंडाळला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्या आयटीवाल्यांसाठीच्या मुलाखत-तयारीच्या कोर्सवरचा तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. तुमच्या तक्रारी तीन: १२ हजार फी सांगून १४,१६० घेतले, शिकवलं ते सगळं यूट्यूबवर फुकट मिळतं आणि मॉक इंटरव्ह्यू, म्हणजे सरावाची मुलाखत, १३ मिनिटांत गुंडाळला. वर एक स्टार.

फीचं सरळ आहे. १२,००० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे २,१६०. तो आमच्या खिशात जात नाही, पावतीवर वेगळ्या ओळीत आहे. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या बोर्डावरही ‘अधिक जीएसटी’ लिहिलंय. अक्षरं बारीक वाटत असतील तर मोठी करून घेऊ.

यूट्यूबचं म्हणाल, तर रेझ्युमे दोन कॉलमचा करू नये, फोन नंबर हेडरमध्ये टाकू नये, कंपन्यांचं अर्ज चाळणारं सॉफ्टवेअर तो बऱ्याचदा वाचतच नाही, हे तिथं फुकट कळतं. मान्य. पण तुमच्या रेझ्युमेतल्या ‘इन्व्हॉल्व्ह्ड इन मायग्रेशन’ (सिस्टिम हलवण्याच्या कामात सहभाग) या ओळीत तुम्ही स्वतः काय केलं, हे कुठला व्हिडिओ विचारणार? खोदून विचारल्यावर त्या जागी ‘रात्रीचा बॅच जॉब (रात्री आपोआप चालणारं एकगठ्ठा काम) ६ तासांवरून ५० मिनिटांवर आणला’ अशी ओळ आली. काम तुमचंच होतं, फक्त कागदावर नव्हतं. ऑफर लेटरचंही तेच. सीटीसीतून, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चातून, व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग), कंपनीचा पीएफ आणि बेसिकच्या (मूळ पगाराच्या) ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी बाजूला काढून दरमहा हातात किती पडतात, ते तुमच्याच आकड्यांवर मांडून दिलं होतं.

आता १३ मिनिटं. हे मात्र लागलं, सर.

मॉक ४५ मिनिटांचा असतो. पहिली ५ मिनिटं ओळख, २५ मिनिटं एकाच प्रोजेक्टवर उलटतपासणी, शेवटची १५ फीडबॅकला. तुमचा स्लॉट बुधवारी रात्री ८ ते ८:४५. तुम्ही जॉइन झालात ८:३२ ला, मोबाइलवरून, कॅमेरा बंद, चालत्या गाडीत. तावडे हॉटेलच्या चौकातले हॉर्न रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतात. ८:४५ ला पुढचे उमेदवार लॅपटॉप उघडून बसले होते, त्यांनीही तेवढीच फी भरलेली. क्लायंटचा कॉल लांबला असेल, समजू शकतो. अमेरिकेतली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. म्हणूनच अमेरिकन क्लायंट असणाऱ्यांनी रविवारी सकाळचा स्लॉट घ्यावा, असं नावनोंदणीच्या वेळीच सांगतो. बुधवार तुम्ही निवडलात. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर रविवारी सकाळी १० ची वेळ कळवली. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.

आणि त्या १३ मिनिटांत झालं काय, तेही लोकांना कळू दे. ओळख गाळून थेट विचारलं: प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती चालू सिस्टिम) बंद पडलं तेव्हा तुम्ही काय केलंत? उत्तर आलं, ‘टीमनं सोडवलं’. अनुभवी माणसं इथंच अडकतात. समोरचा टीमला नाही, तुम्हाला घेणार असतो. ‘आम्ही केलं’ यातून त्याला लिहून घ्यायला काहीच मिळत नाही. तिथंच थांबवून उत्तराचा क्रम सांगितला: काय बिघडलं, तुमच्या लक्षात कशावरून आलं, पर्याय कोणते होते, हाच का निवडला, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. याला गुंडाळणं म्हणायचं असेल तर म्हणा.

इथले आयटीवाले कोर्सवाल्यांकडं संशयानं बघतात, आणि बघावंच. पगार दुप्पट करून देतो म्हणणाऱ्यांनी बाजार नासवलाय. म्हणूनच आम्ही नोकरीची हमी देत नाही आणि पहिलं सत्र फुकट ठेवतो. त्यात तुम्हीही बसला होता, पुढचं बघून-समजून घेतलंत. कोल्हापूर केवढंसं गाव, सर. चौकशीला फोन करणारे आता आधी तुमचं ते ‘१३ मिनिटांत’ वाक्यच वाचून दाखवतात. घर यावरच चालतं, म्हणून एवढं लिहावं लागलं.

स्लॉटमध्ये थोडा मोकळा वेळ ठेवायचं पुढच्या बॅचपासून बघतो आहोत. तुमचा मॉक अजून शिल्लक धरला आहे, वेगळे पैसे नाहीत. येत्या रविवारी सकाळी १० ला चालेल का, ते शुक्रवारपर्यंत कळवा. फक्त लॅपटॉपवरून या, आणि कृपया गाडीतून नको.