दासवाळाचा चहा पिऊन बीपीची गोळी सुटत नाही

आठवडाभर झालं, बेळगाव-खानापूरकडच्या आमच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरायलाय. लाल जास्वंदीच्या, म्हणजे आपल्या दासवाळाच्या, पाच फुलांचा चहा रोज प्या, महिन्यात बीपीची गोळी सुटते, गरोदर बायकांनी पण घ्यावा, तेल लावलं की टकलावर केस येतात, आणि उरलेली चहापावडर बुडात घातली की झाड फुलांनी वाकतं. शेजारच्या काकूंनी हे वाचून खरंच गोळी बंद केली, नवव्या दिवशी चक्कर आली, दवाखान्यात बघितलं तर वरचा आकडा 180 च्या वर. म्हणून लिहायला बसलोय.

पहिलं म्हणजे झाडच चुकलंय. ज्या हिबिस्कस चहावर बीपीसाठी अभ्यास झालेत तो आपल्या अंगणातल्या दासवाळाचा नाहीच, तो लाल अंबाडीचा, आपण जिला पुंडी म्हणतो तिच्या घराण्यातला. अथणीकडं भाकरीबरोबर पुंडीची आंबट भाजी खातात ना, तीच भावकी. पण अंबाडी म्हणून दोन जाती चालतात, त्यातली जिची बोंडं लालभडक, मांसल असतात तिची फुलाखालची पाकळ्यांसारखी आवरणं सुकवून हा चहा करतात, फुलाचा नाही. सुदान-इजिप्तमध्ये यालाच करकडे म्हणतात. दासवाळ आणि ही लाल अंबाडी दोन्ही जास्वंदीच्याच कुळातली, इंग्रजी नाव सारखं, तेवढ्यावरनं कुणीतरी फोटो दासवाळाचा लावला आणि गुण पुंडीचे लिहिले.

आता पुंडीचं तरी खरं का? थोडं आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्स युनिव्हर्सिटीच्या 2010 च्या अभ्यासात 65 लोकांमधल्या काहींना दिवसाला तीन कप, सहा आठवडे हा चहा दिला, तर वरचा आकडा सरासरी 7 नं उतरला, नुसतं तसंच चवीचं पाणी पिणाऱ्यांचा 1 नं. पण ती माणसं बीपी थोडंच वाढलेली आणि गोळी न घेणारी होती. ज्यांचं 170-180 ला जातंय त्यांनी 7 नं काय करायचं सांगा, आणि बीपी वाढलं तरी बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही, म्हणून तर गोळी सोडल्यावर पहिले आठ दिवस "मला छान वाटायलंय" असं माणूस म्हणतोय. चहा प्यायचाच असेल तर डॉक्टरला सांगून, गोळी चालू ठेवून, कारण दोन्ही मिळून बीपी जास्तच उतरू शकतं.

गरोदर बायकांचं वाचून तर मला राग आला. दासवाळाच्या फुलांचा अर्क उंदरांना देऊन झालेल्या प्रयोगांत गर्भ राहण्यात अडथळा आलेला दिसलाय. माणसात किती लागू पडेल ते वेगळं, पण पोटात बाळ असताना असली वस्तू "रोज घ्या" म्हणून कुणी कसं लिहितंय? हा मेसेज घरातल्या लेकी-सुनांना पाठवू नका, आलेला असेल तर फोन करून सांगा.

केसांचं अर्धं खरं. दासवाळाची पानं चुरडली की जो बुळबुळीत चीक येतो त्यानं केस मऊ होतात, आई-आज्जी शिकेकाईबरोबर तो लावायच्याच, चांगलंच आहे. टकलावर केस मात्र येत नाहीत, त्याचे प्रयोग उंदरांवरचे.

चहापावडरीचं सांगतो, कारण यानं झाडं मरायलीत. दूधसाखरेच्या चहाची उरलेली पावडर तशीच घातली की मुंग्या येतात, आणि मुंग्या पिठ्या ढेकणाला सांभाळतात, मग शेंड्यावर पांढरा कापूस आणि कळ्या गळायला चालू. दासवाळाला दिवसाला पाच-सहा तास ऊन पाहिजे आणि पाणी साचायला नको, निपाणीकडच्या काळ्या मातीत तर खड्ड्यात वाळू-शेणखत मिसळूनच लावा. फूल नव्या फांदीवर येतं, म्हणून फांद्या छाटत राहायच्या, छाटलेल्यातली पेन्सिलीएवढी जाड काडी मृगाच्या पावसात खोवली की रोप तयार. काकूंच्या झाडाचा कापूस आम्ही परवा साबणाच्या पाण्यानं धुतलाय, अजून दोन-तीनदा धुवायला लागेल, काकूंची गोळी पण आता चालू आहे.