दादाचा प्लॉट, माझा प्लॉट

२०१२च्या पावसाळ्यात इंदूरला सुपर कॉरिडॉर या रस्त्याजवळ दादाने आणि मी शेजारशेजारचे दोन प्लॉट घेतले, वीस-वीस लाखांना. रजिस्ट्री एकाच दिवशी. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत उभ्याने भुट्ट्याचा कीस खाल्ला. पुढे मी जर्मनीत डसेलडॉर्फला आले.

आता दोन्हींना पन्नास लाखांचं गिऱ्हाईक आहे. नफा सारखा, कर मात्र सारखा नाही. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पाने इंडेक्सेशन, म्हणजे महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरणं, काढलं आणि अशा नफ्यावरचा २० टक्क्यांचा दर साडेबारावर आणला. ओरड झाल्यावर २३ जुलैआधी घेतलेल्या जमीन-घरांना जुना हिशेब पर्याय म्हणून परत मिळाला, पण भारतात राहणाऱ्यांनाच. २०२५-२६चा महागाई निर्देशांक धरला तर दादाचे वीस लाख ३७ लाख ६० हजार होतात, कर २ लाख ४८ हजार. माझा ३ लाख ७५ हजार, उपकर वेगळा. शिवाय त्याच्या गिऱ्हाइकाने पैसे देतानाच १ टक्का कर (टीडीएस) कापायचा, माझ्याने साडेबारा, तोही बहुधा पूर्ण किमतीवर. नको असेल तर कमी कपातीचा दाखला काढत बसा.

"बघ, तुला परकं केलं," दादा म्हणाला. राग मलाही आहे. पण त्याचा उपाय मला पटत नाही: "पडू दे. जमीन काय खायला मागते?" तेरा वर्षं तिथे गाजरगवत वाढतंय. आणि विकलाच तर पैसा घरात घालून कर वाचवायचा, म्हणजे तो पुन्हा विटा-सिमेंटातच. मग इंदूरच्याच विजयनगरात नोकरी करणाऱ्या भाच्याला दोन खोल्या परवडत नाहीत म्हणून आपणच हळहळायचं.

इथे आमच्या राज्यात घर घेतानाच साडेसहा टक्के कर, नोटरी वेगळा. स्वतः राहायच्या घराच्या व्याजावर सवलत नाही. भाड्याने दिलेलं घर दहा वर्षांनंतर विकलं तर नफा करमुक्त, म्हणून नवव्या वर्षी कोणी विकत नाही. शहाणपणाचा मक्ता जर्मनांकडेही नाही. पण माझी शेजारीण, निवृत्त शिक्षिका, जन्मभर भाडेकरू आहे आणि तिला "घर कधी घेताय?" असं कोणी विचारत नाही. मला आई दर रविवारी विचारते.

मी प्लॉट विकतेय. दाखल्याचा अर्ज केलाय.

"पैसे कुठे टाकणार?" दादाने विचारलं.

"भारतातल्याच इक्विटी फंडात, म्हणजे शेअरांत. सव्वा लाखावरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला भारतात तिथेही साडेबाराच टक्के."

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे तू परत येत नाहीस."