'जास्त जीबीचं ग्राफिक्स कार्ड टाका, व्हिडिओ अडकणार नाही' हे खरं नाही

गेले पंधरा दिवस ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, आमच्या पाचपाखाडीच्या ग्रुपवर तर तीनदा आला. चार गोष्टी आहेत त्यात: व्हिडिओ अडकत असेल तर जास्त जीबीचं ग्राफिक्स कार्ड टाका, कार्ड जितकं महाग तितका व्हिडिओ स्मूथ, इनबिल्ट ग्राफिक्स (प्रोसेसरमध्येच असलेलं) फक्त वर्ड-एक्सेलपुरतं, आणि ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन (व्हिडिओचं काम ग्राफिक्स चिपकडे देणारी सेटिंग) बंद केलं की पीसी फास्ट होतो. चारही चुकीच्या आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हे वाचून पेन्शनमधले साडेपाच हजार घालवले म्हणून लिहायला बसलोय.

आधी काकांचंच सांगतो. नातीच्या बारशाचा व्हिडिओ, मुलीनं फोनवर ४के मध्ये काढलेला, आणि फाइल एचईव्हीसी, म्हणजे व्हिडिओ आवळून साठवायच्या एका फॉरमॅटमधली. तो अडकत होता म्हणून दुकानातून ४ जीबीचं कार्ड बसवून आणलं, घरी येऊन लावला तर पाळणा झटके खात हलतोय, आणि आत्याच्या पाठीत गुद्दे पडल्याचा आवाज आला तेव्हा चित्रात ती अजून पाळण्यावर वाकलेलीच. मला बोलावलं, मी टास्क मॅनेजर उघडला, सीपीयू म्हणजे मुख्य प्रोसेसर १०० टक्के आणि जीपीयू म्हणजे ग्राफिक्स चिपच्या पानावर 'व्हिडिओ डिकोड' (आवळलेला व्हिडिओ सोडवणं) नावाचा जो ग्राफ असतो तो सपाट शून्य. कार्ड जुन्या पिढीच्या चिपचं होतं, त्याला एचईव्हीसी येतच नाही, मग सगळा भार बिचाऱ्या सीपीयूवर.

आता जीबीचं बघू, यात गणित सोपं आहे. ४के ची एक फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६०, साधारण ८३ लाख पिक्सेल, आणि व्हिडिओत रंगाची माहिती कमी ठेवतात म्हणून ८ बिटला पिक्सेलमागे दीड बाइट धरा. झाले साडेबारा एमबीच्या आत. डिकोडरला मागच्या काही फ्रेम जवळ ठेवाव्या लागतात, अगदी १६ ठेवल्या तरी २०० एमबी, १० बिटला (रंगांच्या जास्त छटा असतात त्याला) त्याच्या दुप्पट. मग २ चे ४ जीबी करून नुसता व्हिडिओ बघणाऱ्याला काय मिळालं? गेमला, थ्रीडीला, एडिटिंगमधल्या इफेक्ट्सना मेमरी लागते, ते वेगळं, पण मेसेजमध्ये ते म्हटलेलंच नाही.

'महाग तितकं चांगलं' हा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण लोक खरे फसतात ते इथेच. गेमचं काम करणारे शेकडो-हजारो कोअर आणि व्हिडिओ सोडवणारा डिकोडर हे एकाच चिपवर असले तरी दोन वेगळे भाग आहेत. एच.२६४ या एचईव्हीसीच्या आधीच्या फॉरमॅटमध्ये कॅबॅक नावाची पद्धत आहे, त्यात डेटा इतका आवळून भरलेला असतो की आधीचा बिट सोडवल्याशिवाय पुढच्याचा अर्थच लागत नाही, म्हणजे काम वाटून देता येत नाही, एकामागून एकच करावं लागतं. ठाणे स्टेशनला फलाट कितीही असू देत, तिकिटाची खिडकी एकच उघडी असेल तर रांग तिथेच तुंबणार ना, तसंच. म्हणून या कामासाठी चिपमध्ये वेगळी खास सर्किट घालतात, आणि ती कुठल्या चिपमध्ये कुठल्या पिढीची आहे याचा किमतीशी संबंध असेलच असं नाही.

इतिहासच बघा. डीव्हीडीच्या काळात, १९९८ च्या एटीआय रेज १२८ मध्ये एमपेग-२ चं, म्हणजे डीव्हीडीच्या फॉरमॅटचं, थोडंच काम कार्ड करायचं, बाकी सीपीयू. मग ब्लू-रे आल्यावर एच.२६४ पूर्ण कार्डवरच सोडवायची गरज पडली. एनव्हिडिया या चिप कंपनीचं त्या वेळचं सगळ्यात भारी ८८०० जीटीएक्स २००६ च्या नोव्हेंबरात आलं, आणि कॅबॅक सोडवणारा नवा डिकोडर मिळाला कुणाला, तर २००७ मध्ये आलेल्या स्वस्त ८५०० आणि ८६०० ला! एएमडी या दुसऱ्या कंपनीकडेही तेच, एचडी २४०० आणि २६०० मध्ये यूव्हीडी नावाचा तसाच डिकोडर होता, वरच्या एचडी २९०० एक्सटीमध्ये नव्हता. २०१४ ला जीटीएक्स ९८० आलं ५४९ डॉलरला, त्याला एचईव्हीसी अर्धवटच, थोडं काम शेडरवर, म्हणजे गेमवाल्या कोअरवर, ढकलून, आणि चारच महिन्यांनी २०१५ च्या जानेवारीत १९९ डॉलरचं जीटीएक्स ९६० आलं त्यात पूर्ण, १० बिटसकट. नवीन म्हणून घ्यावं तर तेही नाही, २०२२ च्या एएमडी आरएक्स ६५०० एक्सटीमध्ये एव्ही१ (यूट्यूब वापरतं तो नवा फॉरमॅट) डिकोड नाही, पण त्याआधी २०२० मध्येच आलेल्या आरएक्स ६८०० मध्ये आहे.

इनबिल्ट ग्राफिक्सला कमी लेखणं तर मला अजिबात पटत नाही. इंटेलनं ७व्या पिढीपासून १० बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ (हाही यूट्यूबवरचा फॉरमॅट) दोन्ही हार्डवेअरमध्ये दिलंय, ११व्या पिढीच्या लॅपटॉपपासून एव्ही१ पण. काकांचा प्रोसेसर ७व्या पिढीचा आय-३, म्हणजे हवं ते आधीपासून त्यांच्याच मशीनमध्ये होतं, मूळ दुखणं इतकंच की विंडोज नव्यानं टाकताना इंटेलचा ड्रायव्हर (ग्राफिक्स चिप चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायचाच राहिला होता. कार्ड काढलं, मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावली, ड्रायव्हर टाकला, बारसं अगदी सरळ चाललं आणि सीपीयू दहा टक्क्यांवर आला. काकू तर दोनदा बघत बसल्या. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांनीही लक्षात घ्या, तुमचा कॅमेरा १० बिट ४:२:२ (रंगाची माहिती जास्त ठेवणारं) एचईव्हीसी देत असेल तर ते इंटेलचं ११व्या पिढीपासूनचं इनबिल्ट सोडवतं, पण एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० आणि ४० च्या महागातल्या महाग कार्डालाही ते येत नाही, ५० सिरीजपासून आलंय. फक्त नावात एफ असलेला इंटेल घेऊ नका, त्यात इनबिल्ट ग्राफिक्सच नसतं.

शेवटचं, ॲक्सिलरेशन बंद करणं. बंद केलं की वर काकांचं झालं तेच तुम्ही स्वतःच्या हातानं करताय, डिकोडर रिकामा बसवून सीपीयूला राबवताय, लॅपटॉप असेल तर बॅटरीही भराभर जाणार. व्हिडिओवर हिरवे पट्टे आले, ब्राउझर लटकला तर ड्रायव्हरचा दोष आहे का हे बघायला तेवढ्यापुरतं बंद करून बघा, मग ड्रायव्हर बदला आणि परत चालू करा.

तर पैसे काढण्याआधी व्हिडिओ चालू ठेवून टास्क मॅनेजरमध्ये तो 'व्हिडिओ डिकोड' ग्राफ बघा. हलत नसेल तर यूट्यूबवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' मध्ये कोडेक (व्हिडिओचा फॉरमॅट) कुठला येतोय ते बघा आणि तुमच्या चिपला तो येतो का ते शोधा. कार्ड घ्यावंच लागलं तर दुकानदाराला जीबी नाही, 'एव्ही१ आणि एचईव्हीसी १० बिट डिकोड आहे का' असं विचारा, आणि चिपचं पूर्ण नाव बिलावर लिहून घ्या, कारण जीटी ७३० या एकाच नावाखाली फर्मी आणि केप्लर अशा दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्यात.