गुमास्ता भिंतीवर, सुई चेहऱ्यावर

लग्नसराई तोंडावर आली की आमच्या सांगलीत दोन गोष्टींचे भाव चढतात, हॉलचे आणि चेहऱ्याचे. यंदा जोडीला एक व्हॉट्सॲप मेसेजही फिरतोय. बचत गट, सोसायटी आणि माहेरची भावकी अशा तिन्ही ग्रुपवरून तो माझ्यापर्यंत पोचला. शेवटच्या खेपेला पाठवणारी होती माझी चुलतवहिनी, जिचं स्वतःचं पार्लर आहे. मेसेज थोडक्यात असा :

"ब्युटी ट्रीटमेंट हा वैद्यकीय उपचार नाही, त्याला डॉक्टर लागत नाही. गुमास्ता आणि कोर्सचं सर्टिफिकेट असेल तर लेझर, पील, मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी कातडी टोचणं) सगळ्याची कायदेशीर परवानगी आहे. क्रीम मेडिकलमध्ये उघड मिळतं म्हणजे सेफच. अमेरिकेत बोटॉक्स स्पामध्ये मिळतं, तिथं कोणी अडवत नाही. नियम-बियम स्किनच्या डॉक्टरांनी आपला धंदा राखायला आणलेत. आणि फॉर्मवर सही केली की नंतर तक्रार चालत नाही. घाबरवणाऱ्यांचं ऐकू नका. पुढे पाठवा."

मी फार्मसिस्ट. विश्रामबागेकडे माझं छोटं औषधाचं दुकान आहे. ग्रुपवर चार ओळींत उत्तर दिलं तर भांडण झालं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी गुमास्ता, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. महाराष्ट्रात आता २०१७ चा कायदा लागू आहे. त्यात २०२५ च्या दुरुस्तीनंतर २० किंवा जास्त कामगार असतील तर नोंदणी करावी लागते, कमी असतील तर नुसती सूचना दिली की झालं. हा कायदा कामगारांचे तास, सुट्टी, पगारी रजा यांचा आहे. तुम्ही आत काय करता, तुमच्या हातात वस्तरा आहे की लेझरचा हँडपीस, हे त्या कागदाला ठाऊक नसतं. माझ्या शेजारच्या भडंगवाल्याकडेही तोच कागद आहे, फ्रेम करून, गणपतीच्या फोटोशेजारी. म्हणून तो उद्या कुणाला फिलर, म्हणजे चेहरा भरून काढायचं जेल, टोचायला बसला तर?

राहिलं सर्टिफिकेट. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे. त्यात फेशियल, वॅक्सिंग, केस, मेकअप नीट शिकवतात, आणि तो शिकलेल्या मुलींच्या हाताला खरंच सफाई असते. पण पाटीवर 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' लिहिलं की खेड्यातून आलेल्या बाईला त्यातलं 'लॉजिस्ट' तेवढं ऐकू येतं. मिरजेत वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये दवाखाना उघडल्यापासून जत-आटपाडीपासून माणसं औषधपाण्याला इकडे येतात. इथली पाटी वाचायची म्हणजे विश्वास ठेवायचा, ही सवय आपल्या मुलखात जुनी आहे. तिचाच फायदा घेतला जातो.

आणि लेझरचं ते दोन दिवसांच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केस प्रत्यारोपण आणि सौंदर्य-प्रक्रियांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर बघणं हे अशा प्रक्रिया सुरू करायला पुरेसं प्रशिक्षण नाही, असं त्यात स्पष्ट आहे. हे डॉक्टरांना उद्देशून आहे बरं का. एमबीबीएस झालेल्या माणसाला दोन दिवसांचं वर्कशॉप पुरत नसेल, तर आपल्याला कसं पुरेल?

आता 'हा वैद्यकीय उपचारच नाही' हा मुद्दा. थ्रेडिंग, वॅक्सिंग, क्लीनअप हे उपचार नाहीत, कबूल. त्यावर कुणी डॉक्टर मागत नाही, मीही नाही. पण पीआरपीसाठी (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग टोचणं) दंडातून रक्त काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं आणि सुयांनी चेहऱ्यात परत घालायचं, ह्याला फेशियल म्हटल्याने ते फेशियल होत नाही. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय केला तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ खाली एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. राज्याचा १९६१ चा वैद्यक व्यवसायी कायदाही बोगस डॉक्टरला तुरुंगच दाखवतो.

'वरवरचं आहे' म्हणणाऱ्यांनी लेझर कसं चालतं ते एकदा बघावं. केसातलं मेलॅनिन, म्हणजे काळा रंग देणारं द्रव्य, तो प्रकाश शोषतं, तापतं, आणि मुळाशी केस जळतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीतही तेच मेलॅनिन भरपूर असतं. लेझरला केस कुठला आणि कातडी कुठली हे कळत नाही. वेव्हलेंथ आणि ताकद कातडी बघून ठरवावी लागते, नाहीतर भाजतं आणि मागे काळे डाग राहतात. फिलरचं त्याहून वाईट. चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडीचा तुकडा मरतो, डोळ्याकडच्या वाहिनीत गेलं तर दृष्टी जाते. हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर विरघळवणारं हायल्युरॉनिडेज हाताशी लागतं, आणि वेळ मिनिटांत मोजायचा असतो. मिरजेच्या सिव्हिलला रिक्षाने जाईपर्यंत डोळा थांबत नाही.

एक साधी परीक्षा सांगते. जिथे सुई वापरतात तिथे विचारा, "वापरलेली सुई कुठे टाकता?" २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा नियमांनुसार धारदार कचरा पांढऱ्या अर्धपारदर्शक, न टोचणाऱ्या डब्यात जायला हवा, आणि तो डबा अधिकृत संस्थेकडे द्यावा लागतो. त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. कचऱ्याच्या बादलीकडे बोट गेलं तर चप्पल घाला आणि निघा.

'मेडिकलमध्ये मिळतं म्हणजे सेफ' हे वाक्य वाचून मला स्वतःचीच लाज वाटली, कारण ते आम्हीच लोकांना शिकवलंय. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टेरॉइड मलमं वर्षानुवर्षं दुकानांतून गोळ्या-बिस्किटांसारखी विकली गेली. शेड्यूल एच म्हणजे चिठ्ठीवरच द्यायची औषधं. पण बाहेरून लावायच्या मलमांना त्यात सूट होती. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्राने १४ स्टेरॉइडांच्या मलमांची ती सूट काढली. तेव्हापासून ट्यूबवर लाल पट्टी असेल तर चिठ्ठीशिवाय देणं हा आमचा गुन्हा आहे. तरी दिली जाते. मीही सुरुवातीची काही वर्षं दिली, हे लपवण्यात अर्थ नाही.

ते थांबलं एका मुलीमुळे. पलूसकडची, विशीतली. पार्लरमधून तिला एक पांढरी डबी दिली होती, लेबल नसलेली, 'आमचं स्पेशल नाइट क्रीम'. महिन्याभरात गोरी झाली, म्हणून घरातले खूश. डबी संपली तेव्हा ती माझ्या काउंटरवर आली. "ताई, तसलंच काहीतरी द्या की. लावलं नाही की तोंड नुसतं पेटतंय."

गालावर लाल बारीक शिरा दिसत होत्या, हनुवटीवर लव वाढलेली, कपाळभर पुळ्या. स्टेरॉइड चेहऱ्यावर महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते आणि बंद केलं की आग होते, म्हणून माणूस परत लावतो. मी म्हटलं, "बाळ, ही डबी घेऊन त्वचेच्या डॉक्टरकडे जा. एकदम बंद करू नकोस, ते हळूहळू कमी करतील." ती नाराज होऊन गेली. पुढच्या दुकानात तिला ट्यूब मिळाली असणार, याची मला खात्री आहे.

डबीबद्दल कायदा काय म्हणतो? सौंदर्यप्रसाधनं बनवायला परवाना लागतो. २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि घटक हवेत. परदेशी माल असेल तर आयात नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचा पत्ता. ह्याच नियमांत पाऱ्याची मर्यादा आहे : डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनात दहा लाखांत ७० भाग, बाकी कशातही नकळत आलेला पारा एका भागापेक्षा जास्त नको. ही मर्यादा कुणाचा धंदा राखायला नाही. पारा मेलॅनिन तयार होणं रोखतो, म्हणून गोरं करतो, आणि कातडीतून आत जाऊन किडनी बिघडवतो. २०२३ मध्ये अकोल्याच्या एका घरात एकच क्रीम लावणाऱ्या मुलीची, आईची आणि बहिणीची किडनी दुखावल्याची बातमी आली होती. मुंबईच्या केईएममध्ये छडा लागला, तो क्रीमपाशी. केरळात मलप्पुरमच्या किडनी डॉक्टरांनाही गोरेपणाची क्रीमं वापरणारे असे बरेच रुग्ण सापडले. क्रीम वापरताना पायांवर सूज आली किंवा लघवीला फेस यायला लागला, तर डबी पिशवीत घालून फिजिशियनकडे जा.

अमेरिकेचा दाखला देणाऱ्याने तो अर्धाच दिला. तिथे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, पण 'कोणी अडवत नाही' हे साफ खोटं. कॅलिफोर्नियात लेझर वापरायचा हक्क डॉक्टर, नर्स आणि फिजिशियन असिस्टंट यांनाच आहे. पार्लरचं लायसन्स असलेल्या बाईला नाही, डॉक्टर शेजारी उभा असला तरी नाही. टेक्ससमध्ये २०२३ साली एका बाईचा मेड-स्पात सलाइन घेताना मृत्यू झाला. तिच्या नावाने केलेला कायदा सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला, आणि स्पातलं सलाइनही आता डॉक्टरच्या जबाबदारीखाली प्रशिक्षित माणसानेच लावायचं. आपल्याकडे 'ग्लो ड्रिप'च्या जाहिराती करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरातली गोष्ट तर पीआरपीचीच. २०१८ मध्ये एका बाईला एचआयव्ही निघाला, आणि धोक्याचं दुसरं कारण सापडेना. राज्याच्या आरोग्य खात्याने स्पाची झडती घेतली. परवाना नाही. ओट्यावर नाव न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या, ड्रॉवरमध्ये उघड्या सुया, निर्जंतुकीकरणाचं यंत्रच नाही. स्पा बंद झाला, जुन्या गिऱ्हाइकांची मोफत तपासणी झाली. किमान तीन जणींना बहुधा तिथेच लागण झाल्याचा अहवाल २०२४ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने छापला. मेसेजवाल्याच्या 'तिथं'ची ही हकिकत.

'डॉक्टरांनी धंदा राखायला' ह्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, आणि ते मी नाकारणार नाही. त्वचारोगतज्ज्ञांना आपलं क्षेत्र राखायचं असतंच, दंतवैद्य आणि त्यांच्यात फिलरवरून ओढाताण चालूच आहे. शिवाय पाटीवर नाव डॉक्टरचं आणि मशीनवर हात नव्या मुलींचे, डॉक्टर फक्त गुरुवारी, अशा जागा मला माहीत आहेत. त्यावर उपाय नियम काढण्याचा नाही, तो वापरण्याचा आहे. २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवरही लिहायचा असतो. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने २०२५ मध्ये क्यूआर कोडही आणला. स्कॅन केला की समोरच्याची पदवी कळते. मग विचारा, "मशीन कोण चालवणार?"

मेसेजवाल्याला खरंच बोलायचं होतं तर एक भोक होतं, ते त्याने पाहिलंच नाही. आपला १९४९ चा नर्सिंग होम कायदा रुग्ण ठेवणाऱ्या जागांचा आहे. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. म्हणजे बिछाना नसलेलं स्किन क्लिनिक उघडण्याआधी आत येऊन कुणी बघत नाही. कायदा येतो तो बहुतेक वेळा चेहरा भाजल्यावर.

सहीबद्दल थोडक्यात. संमतिपत्र म्हणजे धोके समजावून दिल्याची नोंद. निष्काळजीपणाची माफी त्यात आगाऊ देता येत नाही. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलंय. पार्लर तर येतंच. २०१९ च्या ग्राहक कायद्याने तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे पुण्यात भाजलात तरी सांगलीच्या ग्राहक आयोगात जा. बिल पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. हेल्पलाइन १९१५. पावती, फोटो आणि डबी जपून ठेवा. पावती देत नसतील तर पैसे देऊ नका.

हे सगळं मी वहिनीला फोनवरही ऐकवलं. ती चिडली, मग गप्प झाली. तिच्या रेट कार्डावर गेल्या दिवाळीपासून मायक्रोनीडलिंग आहे, मशीनचे हप्ते चालू आहेत. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. "वन्सं, तो पांढरा डबा कुठे मिळतो?"

म्हटलं, डबा मिळेल गं. भरला की देणार कुणाला, आणि परवानगी कुणाच्या नावाने मागणार?

"बघते," म्हणाली. अजून फोन आलेला नाही.