शंभर टक्के मांजरा, दहा टक्के जायकवाडी

परवा भाची आठवीच्या गणिताची वही दाखवायला आली. शतमान स्तंभालेख. रेघा सरळ, तीन रंग, कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं, बाईंचे पैकीच्या पैकी. म्हटलं, "यातनं काय कळलं ते सांग." तर म्हणते, "मामा, असं परीक्षेत नाही विचारत."

मग वहीच्या मागच्या पानावर मी दोन स्तंभ काढले. टक्के मनाचेच. मांजरा धरण शंभर, जायकवाडी दहा. पाणी कुठं जास्त?

"मांजऱ्यात! दिसायलंय की."

मांजराचा उपयुक्त साठा सुमारे 177 दलघमी (दशलक्ष घनमीटर), जायकवाडीचा 2171. दहा टक्के काढ म्हटलं. तिनं 217 काढले, दोनदा तपासले आणि गप्प. थोड्या वेळानं, "म्हणजे आलेख खोटा?" खोटा नाही गं. टक्के कशाचे, ते त्यात लिहिलं नव्हतं आणि आपणही विचारलं नाही.

पोरांना तयार तक्ता देऊन स्तंभ काढायला लावतात. तयार आलेख हातात देऊन "यात काय लपलंय?" असं विचारलेलं मी तरी पाहिलं नाही. दहावीला आयतालेख, वृत्तालेख सगळं येतं, पण तेही कोनमापक आणि पट्टीचंच काम होऊन बसतं. चित्रकलेचा तास म्हणा की सरळ! मला विचाराल तर निम्मे गुण वाचायला ठेवावेत.

पोरांना काय बोलावं म्हणा. मागं ग्रुपवर सोयाबीनच्या भावाचा आलेख आला होता. खालची रेघ शून्यापासून नाही, 4,000 पासून सुरू. शे-दीडशेची वाढ डोंगराएवढी दिसली आणि मी शहाण्यानं पोती घरातच ठेवली. पुढचं विचारू नका.

भाचीचा पुढचा प्रश्न मात्र भारी होता. उन्हाळ्यात बातमीत साठा 'उणे' कसा येतो? शून्याच्या खाली पाणी असतं का? आपल्याकडं हे समजायला माठ पुरतो. तोटीतनं धार बंद झाली की उपयुक्त साठा शून्य. तोटीच्या खाली उरतं तो मृतसाठा. जायकवाडीत तो 738 दलघमी आहे, म्हणजे चार मांजरा भरून उरतील एवढा. तो उपसायला लागलं की आकडा उणे.

आई आतनं म्हणाली, "म्हणून तर मी माठ वाकडा करते."

पोरगी उठली, तोटीखालचं पाणी तांब्यानं मोजून आली. साडेचार तांबे. आता वहीत शून्याच्या खाली स्तंभ काढलाय आणि विचारायलीय, बाई याला गुण देतील का?