हसू नका, फोटो काढतोय

लग्नाचा फोटोग्राफर सुरकुत्या घालवायचे पैसे घेतो. आम्ही त्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून पगार घेतो. वैद्यकीय छायाचित्रणाचा सगळा गोंधळ या एका फरकातून सुरू होतो. खान्देशात फोटो म्हटलं की माणूस आधी खिशातला कंगवा काढतो. फोटो भाजलेल्या पावलाचा असला तरी भांग नीट पाडतो. आजीबाई पदर सावरतात, टिकली सरळ करतात आणि म्हणतात, "थांब रे भो, चष्मा काढू दे." चष्मा आम्हालाही नकोच असतो, तेवढ्यापुरतं आमचं जमतं. पुढे पावडर पुसायची, टिकली काढायची, कानातले उतरवायचे, केस कानामागे घ्यायचे. प्रत्येक गोष्टीला "कसाले?" हा प्रश्न असतोच. पावडरीखाली डाग लपतो आणि झुमक्याखाली कान, हे उत्तर कुणालाही पटत नाही.

चेहऱ्याचे किमान पाच फोटो लागतात: समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक आणि पंचेचाळीस अंशांत तिरके दोन. कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत हवी. "हनुवटी जरा खाली" म्हटलं की दादा थेट चपलांकडे बघतात. "थोडी वर" म्हटलं की पंखा मोजतात. म्हणून भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर खूण चिकटवायची आणि नजर तिथे लावायला सांगायची. अडचण एवढीच, की बरोबर त्या खुणेखाली पेशंटचे मेहुणे येऊन उभे राहतात आणि पेशंटला हसू फुटतं. हसलं की गालाची घडी, ओठांची कड, डोळ्यांचा आकार सगळं बदलतं आणि ऑपरेशनआधीच्या फोटोशी तुलना संपते. फ्रान्समधल्या द्युशेन या डॉक्टरची अडचण उलटी होती. त्याने चेहऱ्याच्या स्नायूंना वीज लावून एकेक भाव उमटवला, त्याचे फोटो घेतले आणि १८६२ मध्ये ते छापले. त्याला हसू आणायला बॅटरी लागली. आम्हाला मेहुणे पुरतात, थांबवायला मात्र काही सापडलेलं नाही.

अंतराचं गणित तर कुणी मनावरच घेत नाही. चेहऱ्यासाठी शंभर मिलिमीटरची लेन्स लावून दीड-दोन मीटर मागे उभं राहायचं. मोबाइल हातभर अंतरावर धरला की नाक पुढे येतं, कान मागे जातात. ऑपरेशनआधीचा फोटो मोबाइलवर जवळून आणि नंतरचा कॅमेऱ्यावर लांबून काढला, तर सुरीही न लावता नाक लहान होतं. अशा जोड्या भिंतीवर लावलेल्या दिसल्या की आम्ही नाक सोडून कान बघतो. कानही बदललेले असतील तर श्रेय लेन्सचं.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. घामाने कपाळ चमकतं आणि फ्लॅशचा पांढरा ठिपका नेमका जखमेवर बसतो. टिश्यूने टिपायचं, चोळायचं नाही. चोळलं की कातडी लाल होते आणि त्वचारोगतज्ज्ञ त्या लालीचं निदान करू लागतात. फ्लॅशवर आणि लेन्सवर एकमेकांना आडवे ध्रुवक फिल्टर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या काचा, लावले की चमक जाते. फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय असे दोन्ही फोटो ठेवावेत, कारण खवले आणि खडबडीतपणा चमकेतच दिसतो.

उन्हाळ्याचा एकच फायदा, तोही तोंडातल्या फोटोला. आरसा तोंडात घातला की श्वासाने धुकं धरतं, म्हणून तो आधी कोमट पाण्यात बुडवतात. बाकी ठिकाणी पाणी तापवावं लागतं. आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला की झालं. ओठ ओले करून ते बाजूला ओढून धरणारे प्लॅस्टिकचे आकडे लावायचे, लाळ ओढून घ्यायची, पेशंटला नाकाने श्वास घ्यायला सांगायचं आणि एफ २२ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, फोटो काढायचा, म्हणजे पुढच्या दातापासून दाढेपर्यंत सगळं स्पष्ट येतं. आरशातला फोटो उलटा असतो, तो संगणकावर एकदाच सुलटा करायचा. आपण केला आणि निवासी डॉक्टरांनीही केला, की कीड एका बाजूच्या दाढेतून थेट दुसऱ्या बाजूला जाते. राज्यात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे, तरी तो खाऊन जबडा आखडलेली मंडळी येतच राहतात. चाळीस मिलिमीटरच्या आसपास उघडायला हवं ते तोंड दोन बोटांवर अडतं. तिथे आरसा जातच नाही. वरच्या-खालच्या दातांमध्ये मोजपट्टी धरून तेवढ्या फटीचाच फोटो घ्यायचा. पेशंट त्या फटीतून सांगतो, "मी तं कधीच खात नाही." दात मात्र खरं बोलतात, तेही रंगीत.

जखमेशेजारी मोजपट्टी हवी, नाणं नको. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं हे खरं, पण ते बाजारातून फिरून आलेलं असतं. कागदी पट्टी जखमेच्या पातळीत ठेवायची, कॅमेरा बरोबर काटकोनात धरायचा. एक फोटो लांबून, म्हणजे अवयव कुठला ते कळतं, एक मधला, एक जवळून, पट्टीसह आणि पट्टीशिवाय. मागे एकरंगी, न चमकणारं निळं कापड. नातेवाईक उत्साहाने वॉर्डातली चादर धरतात, तिच्यावरची फुलं जखमेपेक्षा ठसठशीत येतात.

ऑपरेशन थिएटरमध्ये कॅमेऱ्याचा पट्टा आधी काढायचा. तो लोंबून निर्जंतुक कापडाला लागला तर सर्जन जे बोलतात ते छापण्याजोगं नसतं. रक्त टिपून घ्या, हत्यारं बाजूला घ्या, वरचा दिवा फिरवा, हे सगळं अदबीने सांगायचं. दिवा तसाच राहिला तर मधलं सगळं पांढरंफटक येतं. सर्जन म्हणतात, "काढ लवकर," आणि बटण दाबताना स्वतःचंच बोट मधे घालून दाखवतात, "हे बघ, इथे."

संमती लेखी घ्यायची, ऑपरेशनच्या संमतीपेक्षा वेगळी. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ओळख पटेल असा फोटो पेशंटच्या परवानगीशिवाय छापता येत नाही. "मना फोटो पेपरमा यी का?" या प्रश्नात भीती किती आणि आशा किती, ते अंगठा उठेपर्यंत कळत नाही. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की ओळख लपते असा एक गोड समज आहे. डोळे झाकलेले, आणि मनगटाच्या वर नवऱ्याचं नाव ठळक गोंदलेलं.

सगळ्यात मोठी कसोटी फाइलला नाव देण्याची. नोंदणी क्रमांक, तारीख, अवयव, डावा की उजवा, कोन, हा क्रम मोडायचा नाही. 'पाटील गुडघा' असं नाव ठेवलं तर शोधताना निम्मा जिल्हा लंगडत बाहेर येतो. डॉक्टर मदतीला धावतात: "अरे, ते नाही का, अमळनेरकडचे पाटील, केळीवाले!" एवढ्या माहितीवर आम्ही दुपारपर्यंत गुडघे बघत बसतो.